काय करायचं सोडलंत?

"मॅडम, आमच्या आजीला पास केलंत की नापास?"

कोपर गावठाणात सगुणाआजींच्या ओट्यावर मी फॉर्म भरत होते आणि त्यांचा नातू मयूर खांद्यावर बॅट टाकून अंगणात उभा होता. घामाने निथळत होता, हसताना एक डोळा जरा बारीक करत होता… असो. मी कल्पिता, ठाण्याच्या कॉलेजात समाजकार्य शिकवते. वयस्कर माणसांच्या तब्येतीचा सर्व्हे चाललेला, टॉवरमधल्या आणि गावठाणातल्या. जिथे आजार जास्त, तिथे एका संस्थेचा फिरता दवाखाना येणार होता.

"पास," मी म्हटलं. "आजींना काही त्रास नाही."

"हो का? मग जिना चढताना भिंत कोण धरतं, मी?"

मी घाईघाईने फॉर्म चाळले. गावठाणातल्या प्रत्येकाचं एकच उत्तर — बरा हाय. जन्मभर मिठागरात राबलेली माणसं ठणठणीत आणि लिफ्टने वर-खाली करणारी आजारी? हा अहवाल गेला असता तर दवाखाना टॉवरखाली उभा राहिला असता, तोही माझ्या सहीने.

"आमच्यात पाहुण्यासमोर दुखणं सांगत नाहीत," मयूर ओट्यावर टेकत म्हणाला. "चहा पाजतात. आज किती झाले?"

"सहा."

"मग अ‍ॅसिडिटी तुम्हालाच. लिहा तेवढं."

मला राग यायला हवा होता… पण आलं ते हसूच.

पुढच्या रविवारी मी पेन पर्समध्येच ठेवलं. आजींसोबत लसूण सोलायला बसले आणि सहज विचारलं, "आजी, हल्ली काय काय करायचं सोडलंत?"

त्यांनी हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली. मग म्हणाल्या, "मासली साफ करायची सोरली गो. काटं दिसत नाय. पोराचे घशात गेला म्हंजे?"

मयूर दारातच थबकला. "मला वाटायचं, तुला कंटाळा आला," तो हळूच म्हणाला. "मी कधी विचारलंच नाही, आजी."

तो आजींच्या पायाशी बसला आणि त्यांचे मिठाने चिरलेले तळवे मांडीवर घेऊन नुसता चोळत राहिला. खरं सांगते, मी तिथेच त्याच्या प्रेमात पडले.

मग दर रविवारी आम्ही दोघं घरोघरी फिरलो, सगळे फॉर्म नव्याने भरले. आमचं अहो-जाहो वाटेतच कुठेतरी गळून पडलं. दोन महिन्यांनी दवाखाना गावठाणात आला आणि आजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीखही मिळाली. माझं काम संपलं होतं. आता यायला निमित्त उरलं नव्हतं.

निघताना ओट्यावर विचारलं, "तू कसा आहेस, मयूर?"

"बरा आहे."

मी पायरीवरच थांबले. "काय करायचं सोडलंस?"

त्याने कोपऱ्यातल्या बॅटकडे पाहिलं. "रविवारच्या मॅचेस. टीममधून काढलंय मला."

"का रे?"

"फॉर्मवर लिहिणार असशील तर नाही सांगत."

"नाही लिहीत."

"रविवारी तू येतेस ना…"

तेवढ्यात आतून आजींचा आवाज आला, "गो कल्पिता, चा ठेव तिघांना!"

इतके रविवार पाहुणी म्हणून त्यांनी मला जागेवरून उठू दिलं नव्हतं. मी चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि आत गेले.