बारा मिनिटांची टिकटिक

गाणं ऐकता ऐकता उदयसिंहच्या अंगावर काटा आला. गाण्याच्या मागं कुठंतरी घड्याळ चाललं होतं, आणि ते घड्याळ मेलेल्या माणसाचं होतं.

त्यानं हेडफोन घट्ट दाबले आणि रेकॉर्डिंग मागं नेलं. टिकटिक एक तास तेहेतीस मिनिटांवर सुरू व्हायची आणि एक तास पंचेचाळीसवर एकदम तुटायची. तंबोऱ्याच्या खाली, अगदी बारीक. दुसऱ्या कुणाला ती ऐकू आली नसती. पण उदयसिंहनं सैन्यात सिग्नल्समध्ये सव्वीस वर्षं वायरलेसच्या खरखरीतून संदेश वेचले होते. शिवाय हे घड्याळ एके काळी त्याचंच होतं. मनगटी, किल्लीचं, जरा लंगडत चालणारं. एक ठोका जड, एक हलका. रोज सकाळी त्याची बायको संयोगिता त्या घड्याळाला किल्ली द्यायची. ती वारल्यावर घरात तेवढाच आवाज उरला. तो सोसेना, म्हणून त्यानं ते घड्याळ आपल्या मित्राला, सयाजीला देऊन टाकलं.

आणि सयाजी गेल्या रविवारी सांगलीत मेला होता.

सयाजी दहिवडीचा निवृत्त मास्तर. मैफली टिपायचा त्याला नाद. सातारा-सांगलीकडच्या चाळीस जणांचा त्यांचा गट होता. मैफल टिपली की त्याच संध्याकाळी गटात टाकायची, बाकीच्यांनी ती उतरवून घ्यायची. विकायची नाही. आणि फाइल लहान करायला आवाज दाबायचा नाही. एमपीथ्री म्हटलं की ही माणसं तोंड फिरवायची. त्यांना लॉसलेसच लागायचं, म्हणजे माइकनं टिपलेलं सगळं, काहीही न गाळता.

रविवारी सकाळी नऊ ते बारा मैफल झाली. बारानंतर सभागृहाच्या मागच्या लोखंडी जिन्याखाली सयाजी सापडला. डोकं फुटलेलं. नेहमीप्रमाणं त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून रेकॉर्डरशेजारी, खुर्चीच्या हातावर ठेवलं होतं. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी ते पाहिलं होतं. नंतर रेकॉर्डरही नव्हता, घड्याळही नव्हतं. दहा एकतीसला सयाजीनं उदयसिंहला निरोप धाडला होता, ‘बाहेर बोलावलंय. मग फोन करतो.’ दहा एक्केचाळीसला त्याचा फोन कायमचा बंद पडला.

फौजदार दीक्षा बनसोडे यांना उदयसिंहनं एकच नाव सांगितलं होतं : जयराज. सांगलीत त्याचा साउंडचा धंदा, आणि गटात त्याचा मोठा मान. आदल्या दिवशी सयाजी म्हणाला होता, जयराज दुसऱ्यांची रेकॉर्डिंगं स्वतःच्या नावावर खपवतो, उद्या तोंडावर सांगणार. पण जयराज नऊ ते बारा खुर्चीतून हललाच नव्हता. तसं त्यानं गटात टाकलेलं रेकॉर्डिंगच सांगत होतं, आत्ता उदयसिंहच्या कानात वाजत होतं तेच. फौजदारबाईंचा नाइलाज होता. मास्तरांना साखरेचा आजार होता, चक्कर आली असणार, असं लिहून उद्या कागद मिटणार होते.

सयाजीची बायको रंगूबाई तेवढं एकच बोलली होती. “आवं, मास्तरांना कवा चक्कर आली न्हाई.”

उदयसिंहनं फौजदारबाईंना फोन लावला. कागद एक दिवस थांबवा आणि जयराजकडं या, म्हणाला. मग त्यानं विट्यामार्गे सांगलीची एसटी धरली. विट्याला गाडी थांबली तेव्हा स्टँडसमोरच्या घड्याळजीकडून एक जुनं घड्याळ मागून घेतलं.

जयराजच्या गोदामात भर दुपारीही अंधार होता. छतापर्यंत काळे स्पीकर रचलेले. त्यांच्यापुढं उभं राहिलं की कुणीतरी पाळत ठेवून आहे असं वाटायचं. फौजदारबाई दाराशी थांबल्या. उदयसिंहनं बसता बसता खिशातला रुमाल काढून जयराजसमोर टेबलावर ठेवला. फौजदारबाईंनी रुमालाकडं पाहिलं. जयराजनं नाही.

“रविवारी कुठं बसला होतास?”

“तिसऱ्या रांगेत. आवं, माइक माझ्या कॉलरला. उठलो असतो तर रेकॉर्डिंगमधी कळलं असतं न्हवं?”

“सयाजीच्या खुर्चीपाशी गेला होतास?”

“न्हाई. ते लय लांब. पार बाराव्या रांगेत, कडंला.”

“तुझ्याजवळ घड्याळ?”

“मोबाइल आल्यापासनं कोण वापरतंय?”

“मधी दुसऱ्याचं काही जोडलंस?”

जयराज हसला. “सुभेदार, असलं बोलू नका. जोडकाम केलं की आमच्यात माणूस गटातनं जातो. पहिल्यापासनं शेवटापर्यंत माझंच हाय.”

“बरं. आता इथं काय ऐकू येतंय?”

जयराजनं कान दिला. “काय न्हाई. पंखा.”

“टिकटिक,” दारातून फौजदारबाई म्हणाल्या.

उदयसिंहनं रुमाल उलगडला. आत विट्याचं घड्याळ चालू होतं. जयराज त्याच्याकडं बघत राहिला.

“तीस वर्षं ह्या डब्यांपुढं उभा राहिलास गड्या. बारीक आवाज तुला येत न्हाईत. तुझ्या रेकॉर्डिंगमधी बारा मिनिटं सयाजीचं घड्याळ चालतंय. तू त्याच्यापाशी गेला न्हाईस, तुझ्याजवळ घड्याळ न्हाई. मग ते आलं कुठनं?”

जयराजनं घड्याळ उचलून कानाला लावलं.

मग उदयसिंहनंच सगळं सांगितलं. जयराजनं सयाजीला मागच्या जिन्यावर बोलावलं. सयाजी रेकॉर्डर चालूच ठेवून उठला. जिन्यावर सयाजीनं, तुझं नाव गटात जाहीर करणार, असं सांगितलं आणि जयराजनं त्याला ढकललं. जयराजच्या कॉलरच्या माइकनं तेही टिपलं होतं, ती किंकाळीसुद्धा. मैफल संपून लोक उठले, त्या गडबडीत त्यानं सयाजीचा रेकॉर्डर उचलला. घड्याळही त्याबरोबर गेलं. घरी आल्यावर त्यानं आपली बारा मिनिटं कापली आणि तिथं मेलेल्याची जोडली. रांगांच्या आवाजातला फरक त्यानं धंद्यातल्या हातानं बुजवला. टिकटिक मात्र त्याला ऐकूच आली नाही.

“एमपीथ्री करून टाकलं असतंस तर ती बहुतेक गाळली गेली असती,” उदयसिंह म्हणाला. “पण तुला ते करवलं न्हाई.”

फौजदारबाईंनी संगणक उघडायला लावला. सयाजीची मूळ फाइल आत तशीच होती, पूर्ण तीन तासांची. रेकॉर्डर आणि घड्याळ जयराजनं कृष्णेत फेकलं होतं.

“ही फाइल का न्हाई पुसलीस?” त्यांनी विचारलं.

जयराज खाली बघून म्हणाला, “मास्तरांचं माझ्यापेक्षा लय चांगलं आलं हुतं.”

दुसऱ्या दिवशी उदयसिंह आधी रंगूबाईकडं गेला. चक्कर नव्हती, एवढं सांगितलं. ती मान हलवून आत गेली.

मग घरी येऊन त्यानं दार लावलं, हेडफोन चढवले आणि फाइल एक तास तेहेतीस मिनिटांवर आणली. एक ठोका जड, एक हलका. पंचेचाळीसला टिकटिक तुटली.

त्यानं परत मागं नेलं.