जीव जपणारी गाडी

दुपारी आभाळ भरून आलं होतं, पण पडत काही नव्हतं. गाडी गिऱ्हाइकाला दाखवायला न्यायची, एवढंच काम. किल्ली खिशात घालून तो तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरला. तिथे निम्मा अंधार होता आणि ओल्या सिमेंटचा, जुन्या ऑइलचा वास कोंडून राहिला होता.

गाडी कोपऱ्यात उभी होती. लांबलचक, काळी, एके काळी बड्या लोकांच्या दारात शोभलेली. पहिल्या मालकाचं मन तिच्यावरून उडाल्यावर याने ती घेतली होती. घेताना स्वस्त पडली, आणि मग कळलं की हत्ती बांधणं सोपं, पोसणं कठीण. आज ब्रेक, उद्या गिअरबॉक्स, परवा ते हवेवर तोलणारं सस्पेन्शन. कधी सकाळी खाली यावं तर गाडी म्हशीसारखी बसकण मारून बसलेली. पण मोकळ्या रस्त्यावर पाय जरा दाबला की ते धूड हूं की चूं न करता झेपावायचं, पाठ सीटला चिकटायची आणि पोटात झोक्यावर होतं तसं व्हायचं. तेवढ्यासाठी तो मेकॅनिकचे टोमणेही मुकाट्याने ऐकून घ्यायचा.

बायको गाडीला सवत म्हणायची. "झाली का सवतीची आंघोळ? मग आता घरातल्यांकडे बघा." कुठे निघायचं झालं की तो आधी खाली येऊन इंजिन सुरू करायचा. ती घर बंद करून मागून यायची आणि बरोबर त्याच्या पाठीमागे बसायची. "पुढे तुमचा दोघांचा संसार. मी आपली मागे बरी." या गाडीचं दार आपटावं लागत नसे. नुसतं टेकवलं की शेवटचं बोटभर अंतर ते स्वतःच ओढून घ्यायचं, झोपेत कुणी सुस्कारा टाकावा तसं. तो सुस्कारा आला की तो गाडी हलवायचा. मागे वळून बघायची सवयच उरली नव्हती.

बायकोला हॉस्पिटलात नेलं तेही असंच. अर्ध्या वाटेत समोर पिवळा दिवा लागला आणि गाडीने वेग सोडला. बिघाडाची चाहूल लागली की इंजिन वाचवण्यासाठी ती आपण होऊन रांगायला लागते. तशी सोयच केलेली असते तिच्यात. तो पाय दाबत राहिला आणि सायकलवाले पुढे निघून जात राहिले. गाडीने स्वतःचा जीव बरोबर वाचवला. नंतर त्याने तिची सगळी कामं करून घेतली. "आता अगदी नव्यासारखी झाली, साहेब," मेकॅनिक म्हणाला, तेव्हा त्याला हसू आलं होतं.

"विकून टाका, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली होती. "तुम्ही रोज खाली जाऊन तिच्यात बसून राहता. वॉचमनने सांगितलं मला. ती गेल्याशिवाय तुम्ही काही त्यातून बाहेर पडायचे नाही."

खरं होतं ते.

त्याने इंजिन सुरू केलं, आरसा नीट केला. मागे सुस्कारा आला. त्याने गाडी हलवली.

चढ चढून उजेडात आल्यावर त्याच्या लक्षात आलं. आज कुणी यायचं नव्हतं.

गाडी मागून किंचित दबली होती, आणि तिच्या पोटातला पंप घुरघुरत तिला पुन्हा वर उचलत होता. माणूस बसलं की उचलतो तसा. आरशात नुसतं मागच्या सीटचं काळं कातडं दिसत होतं.

"कुलूप नीट लावलंस ना?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

उत्तर आलं नाही. त्याला बरं वाटलं की वाईट, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचे डॉक्टर. ते फाटकातच उभे होते, बायकोसह.

"दवाखान्यातली वर-खाली होणारी खुर्ची पुरत नव्हती, म्हणून आता ही," डॉक्टरांची बायको म्हणाली.

"लोकांच्या तोंडात बघण्यात जन्म गेला. आता जरा रस्ता बघू दे की!"

डॉक्टर चालवायला बसले, बायको शेजारी. तो मागे बसला, पण डाव्या बाजूला. डॉक्टरांच्या पाठीमागची जागा त्याने मोकळीच ठेवली. गावाबाहेरचा रस्ता लागला. आभाळ आणखी खाली आलं होतं. काचा बंद होत्या, तरी आत औषधाचा वास येत होता.

"अरे वा, सीटला मसाज पण आहे! बोलला नाहीत तुम्ही."

"मसाज…?"

"पाठीत दाबतंय ना. हे बघा, आत्ता…"

गाडीला मसाज नव्हता. त्याने बघितलं. डॉक्टरांच्या सीटच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, कातडं दोन ठिकाणी आत जात होतं. तळव्याएवढं. सावकाश आत जायचं, करकरायचं, सुटायचं, पुन्हा आत जायचं.

त्या दिवशी तिला बोलायला श्वास पुरत नव्हता. ती दोन्ही तळव्यांनी त्याची सीट मागून ढकलत होती. आत बसून गाडी ढकलता येते, असं जणू तिला वाटत होतं. ढकलणं थांबलं तेव्हा तो सायकलवाल्यांकडे बघत होता. हे त्याने मुलीलाही सांगितलं नव्हतं.

"बंद कसा करायचा हो?" डॉक्टरांचं हसू जरा उतरलं होतं. "लागतंय…"

"जोरात…" तो पुढे वाकला. "जोरात चालवा."

"काय?"

"वेग वाढवा. मग… थांबतो."

"ही कुठली तऱ्हा!" बायको म्हणाली. पण डॉक्टरांनी पाय दाबला. गाडी झेपावली. त्याच्या पोटात तोच जुना झोका गेला आणि डोळे भरून आले. डॉक्टरांच्या सीटचं कातडं हळूच फुगून सपाट झालं.

"थांबला की! गंमतच आहे," डॉक्टर म्हणाले. "ठरलं, साहेब. गाडी माझी."

रस्ता चौकापर्यंत मोकळा होता. चौकात लाल दिवा लागला.

"अहो, सिग्नल," डॉक्टरांची बायको म्हणाली. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. वेग उतरला. तशी ती दचकून मागे वळली आणि थेट त्याच्याकडे पाहू लागली.

"साहेब… मला कशाला ढकलताय?"

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. त्याच्या अगदी शेजारी सीट दबली होती. त्याच्या समोरच्या सीटचं कातडं अजून आत चाललं होतं.