रविवारचा गाळ

"हा घ्या तुमचा मासा. आणि माझं पाणी होतं तसं परत द्या."

तिनं स्टीलचा डबा शोभेच्या माशांच्या दुकानातल्या काउंटरवर आपटला. आतल्या वीतभर काळ्या माशानं शेपटीचा फटका मारला आणि समोरच्या माणसाच्या शर्टावर पाणी उडालं. बाही कोपराच्या वर चढवून तो एका टाकीत हात घालून उभा होता. हात तसाच ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला.

"तळाला राहतो, घाण खातो, टाकी लख्ख ठेवतो… असंच सांगितलंत ना माझ्या बाबांना? खातो, कबूल! पण खाल्लेलं जातं कुठं? दिवसभर घाणीच्या दोऱ्याच दोऱ्या सोडत असतो. झाडलोट करायला माणूस ठेवावा आणि त्यानंच घरभर उकिरडा करावा, तसं झालंय. काल एक गिऱ्हाईक विचारत होतं, टाकीत मासे ठेवलेत की चहा?"

तो हसला नाही. पण ओठ दाबून धरल्याचं तिला दिसलं, आणि ती आणखी भडकली. मग पाण्याच्या वासावर बोलली, काचेवरच्या डागांवर बोलली, दुकानदारांच्या जातीवरच बोलली. शेवटी तिचा घसा कोरडा पडला.

"दुकानदार जेवायला गेलेत," तो म्हणाला. "मी पंप घ्यायला आलोय. चालतो का ते बघत होतो."

"मग… इतका वेळ ऐकत का होतात?"

"तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की सांगणार होतो. थांबलाच नाहीत."

तिनं डबा उचलला. कान गरम झाले होते. दारापर्यंत गेली तेवढ्यात मागून आवाज आला, "मी टाक्याच साफ करतो. दवाखान्यांच्या, ऑफिसांच्या. रविवारी येऊन बघू का?"

नको म्हणायचं होतं. पण डब्यातला मासा परत एकदा उडाला, तिची ओढणी भिजली, आणि तिच्या तोंडून पत्ता निघून गेला.

तिचं चष्म्यांचं दुकान होतं. डोळे तीच तपासायची, काचा तीच बसवायची. सगळी गल्ली तिला चष्मेवाली म्हणायची. दुकान मुळात बाबांचं. पण आई गेली आणि बाबांनी दुकानात पाऊल टाकणं सोडलं. घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेव म्हटलं की जेवायचे, नाहीतर तेही नाही. डोळे दाखवायला आलेल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं सुचवलं म्हणून तिनं दुकानात माशांची टाकी आणली, आणि बाबा हळूहळू यायला लागले. सकाळी टाकीपुढे खुर्ची टाकायची आणि शटर ओढेपर्यंत तिथंच बसायचं. काळा मासा त्यांनी स्वतः आणला होता. त्याचं नाव ठेवलं होतं मुकादम. कारण तो दिवसभर तळाशी पोट टेकून इतरांची धावपळ बघायचा. टाकी गेली तर बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, हे तिला माहीत होतं. म्हणून तर ती त्या पाण्याशी झगडत होती.

रविवारी टाकीवाला आला तेव्हा ती बेसिनपाशी फेसात हात घालून उभी होती.

"हे काय चाललंय?"

"फिल्टरचा स्पंज धुतेय. दर रविवारी साबण आणि कढत पाणी. खडेपण तसेच धुते. सगळं पाणीही बदलते." तिनं जरा अभिमानानंच सांगितलं.

त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही दर रविवारी खून करताय."

"काय?"

"पाणी स्वच्छ राखणारे बारीक जीव त्या स्पंजात राहतात. तुम्ही त्यांना साबण लावून मारता. मग सोमवारी पाणी पांढरं होतं आणि तुम्ही त्या काळ्या माशाला शिव्या घालता."

"मग काय, घाण तशीच ठेवायची?"

"टाकीतल्याच जुन्या पाण्यात पिळायचा. दोनदा. बास."

"घाणीत घाण धुवायची," ती म्हणाली. काच पुसून पोट भरणाऱ्या बाईला हे पटणं शक्यच नव्हतं. पण खुर्चीतून बाबा म्हणाले, "ऐक जरा त्याचं." बाबांनी आपणहून असं काही बोलून किती दिवस झाले होते… तिनं साबण बाजूला ठेवला.

दोन आठवड्यांत पाण्याचा दुधाळपणा गेला. गाळ मात्र गेला नाही. खड्यांच्या फटीत तो साठायचा, मुकादम शेपटी फिरवायचा आणि सगळा तपकिरी धुरळा वर यायचा. टाकीवाला दर रविवारी येई, नळी घालून खड्यांमधला गाळ बादलीत ओढी. सोमवारी टाकी आरसा. शुक्रवारी पुन्हा डबकं.

"तुमच्या हाताला गुण नाही," ती म्हणायची.

"मुकादमाच्या पोटाला अंत नाही, त्याला मी काय करू?"

"बाबा त्याला काकडी किती घालतात ते बघा ना तुम्ही!"

"एकच फोड," बाबा म्हणायचे, आणि मुठीतली दुसरी लपवायचे.

असे चार महिने गेले. त्याच्या हातावरून पाण्याचे थेंब कोपरापर्यंत ओघळायचे आणि तिथं क्षणभर अडायचे. काच पुसता पुसता तिची नजर तिथंच जाऊन थांबायची… मग ती स्वतःवरच चिडायची आणि तो राग बादलीच्या जागेवर, ओल्या फरशीवर, त्याच्या चपलांवर काढायची. एकदा नळी दोघांनी एकदमच धरली. तिनं हात लगेच काढला नाही. त्यानंही नाही. "पाणी सांडतंय," बाबा म्हणाले.

पण वास वाढत होता. डोळे तपासायची खोली टाकीला लागूनच होती. एका बाईंनी नाकाला रुमाल लावून अक्षरं वाचली. त्या रविवारी तिनं सांगून टाकलं, "या महिन्याअखेर टाकी बाहेर. माझ्यानं आता होत नाही."

बाबांनी खुर्ची टाकीच्या जरा जवळ ओढली, इतकंच. टाकीवाला नळी हातात धरून उभा राहिला. तोंड उघडलं… मिटलं. बादली उचलून गेला.

गुरुवारी कोपऱ्यावरची दातांची डॉक्टर नवा चष्मा न्यायला आली. टाकीकडे बघून म्हणाली, "अगंबाई, तुझ्याकडेही हा काळा? माझ्याकडे दोन आहेत."

"दोन? मग तुमचं पाणी…"

"काचेसारखं. आमचा टाकीवाला, तुझ्याकडे रविवारी येतो तोच, महिन्यातून एकदाच येतो. पहिल्याच दिवशी त्यानं तळाचे खडे काढायला घेतले. म्हणाला, हे मासे ठेवायचे तर तळ उघडा हवा, गाळ दिसतो, पाच मिनिटांत नळीनं ओढता येतो. माझी कंपाउंडरच ओढते."

चष्मेवालीनं चष्म्याची काडी इतकी घट्ट पिळली की स्क्रूच तुटला.

रविवारी तो आत आला. ती दाराशीच उभी होती.

"खडे काढले की झालं असतं ना?"

त्यानं बादली खाली ठेवली. कानाची पाळी चोळली. "…हो."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"चार महिने! चार महिने मी नाक दाबून बसलेय. गिऱ्हाइकं तुटली. टाकी रस्त्यावर टाकणार होते मी, आणि ही टाकी गेली तर बाबा…" तिनं टाकीकडे बोट केलं. "मासे मेले असते तर?"

"मरू दिले नसते. म्हणून तर एकही रविवार चुकवला नाही." मग त्याचं त्यालाच ते लंगडं वाटलं असावं. "नाही, ते खरं कारण नाही. पहिल्या रविवारी तुमची साबणाची खोड मोडू, खडे पुढच्या वेळी काढू म्हटलं. पुढच्या वेळी वाटलं, काढले की महिन्यातून एकदा यायचं. मग प्रत्येक वेळी वाटलं, आज नको, पुढच्या वेळी. मागच्या रविवारी सांगणार होतो. धीर झाला नाही. तुम्ही टाकी काढणार म्हणालात आणि मी तसाच गेलो, ते वाईट केलं. त्याची माफी मागतो. बाकीच्याची…" तो थांबला. "बाकीच्याची मागता येत नाही."

"चोर तो चोर, वर शिरजोर! बाबा, ऐकताय ना?"

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

ती वळली.

"तो मासा घेतला तेव्हाच दुकानदार म्हणाला होता, खाली खडे ठेवू नका. आणि दुसऱ्या काकडीचंही मीच."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी काचेवरचा एक डाग बोटानं पुसला. "तुझी आई गेली तेव्हापासून घरात मोठ्यानं कुणी बोलेना. तू हळू बोलायचीस, मी आजारी असल्यासारखी. रविवारी हा यायचा आणि तू ओरडायचीस. कान भरून यायचे. बरं वाटायचं." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि सावकाश उठले. "आता कोपऱ्यापर्यंत चालून येतो. तुम्ही काय ते भांडून घ्या."

ते एकटे बाहेर पडले. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. तिनं त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. रागावलेलं राहायचं होतं, पण राग धरून ठेवता येईना; ओल्या साबणासारखा हातातून निसटत होता.

"काढा खडे," ती म्हणाली.

"आज निम्मेच. सगळे एकदम काढले तर पाणी बिघडतं. राहिलेले पुढच्या रविवारी."

तिनं डोळे बारीक केले. "हे खरं, की हेपण…"

"हे खरं आहे! देवाशपथ खरं आहे. डॉक्टरबाईंना विचारा."

"विचारणारच आहे."

मग तिनं बाही वर केली आणि साबणाशिवाय पहिल्यांदाच त्या गाळात हात घातला. गिळगिळीत होतं, शी! तिनं तोंड वाकडं केलं आणि मूठभर खडे काढले. तोही काढत होता. पाणी ढवळलं, काही दिसेना. त्या गढूळ पाण्यात त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि तिथंच राहिली. खडे काही त्यानंतर वर आले नाहीत.

"पुढच्या रविवारी काम संपलं," तो हळूच म्हणाला. "नंतर महिन्यातून एकदा…"

"उद्या कुठली टाकी आहे तुमची?"

"उद्या? उद्या सोमवार. कुठलीच नाही."

"मग उद्या या."

"कशाला?"

तिनं डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. "चार महिने सगळं मीच बोलतेय. आता हेपण मीच बोलू?"