थकबाकीसकट घेतलेलं घर

नव्या घराचा नळ सोडला, तर आतून नुसती हवा फुसफुसली.

बँकेच्या लिलावात मी हे घर घेतलं होतं. भाड्याच्या खोल्या बदलत आईचं आणि माझं आयुष्य गेलं होतं. ती वणवण आता थांबणार होती. सामान अजून जिन्यातच होतं. मी तणतणत खाली निघाले आणि वर येणाऱ्या एका माणसावर जवळजवळ आदळलेच. त्याच्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या होत्या. थोडं पाणी माझ्या पायांवर सांडलं... गार, स्वच्छ.

"तुमच्याकडेच आणत होतो," तो म्हणाला. "मी सोसायटीचा सेक्रेटरी. तुमचं पाणी... मीच बंद केलंय."

"आणि बादल्याही तुम्हीच आणताय?"

"कमिटीने नळ बंद करायला सांगितलंय. बादल्यांबद्दल कोणी काही बोललं नाही."

मला हसू आलं, पण पुढचं ऐकून ते मावळलं. आधीच्या मालकाने कित्येक वर्षं मेंटेनन्स भरला नव्हता. ती थकबाकी, व्याजासकट, आता माझ्या गळ्यात. लिलावाच्या अटींत तसं होतंही – घर जसं आहे तसं, त्यावरच्या देण्यांसकट. घर मिळतंय या आनंदात मी ते वाचूनही वाचलं नव्हतं.

"मी लोकांचे कान तपासते," मी कशीबशी म्हणाले. "आज माझेच तपासून घ्यावेसे वाटतायत."

"ऐकू बरोबर येतंय तुम्हाला," तो हळू म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता बादल्या आत ठेवून गेला.

त्यानंतर तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी पाणी आणून द्यायचा. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं त्याचं काम. दारात जरा रेंगाळायचा. मीही.

"तुम्ही डोळे सांभाळता, मी कान," मी एकदा म्हणाले.

"नाक माझ्याकडे," आई आतून म्हणाली. "दूध करपलंय. गप्पा झाल्या असतील तर बघ."

एका संध्याकाळी तो आमच्या थकबाकीवरच्या मीटिंगची वेळ सांगायला आला आणि नेमके दिवे गेले. न चाचपडता तो सरळ स्वयंपाकघराच्या दारामागे गेला. खटका दाबल्याचा आवाज झाला, उजेड पडला. मेन स्विच तिथे आहे हे आम्हा मायलेकींनाही माहीत नव्हतं.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला,

"हे दादाचं घर... माझ्या सख्ख्या भावाचं. धंदा बुडाला, हप्ते थकले. बँकेने सील लावलं तेव्हा सोसायटीतर्फे मीच उभा होतो. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही."

"मला सांगितलं का नाहीत?"

"रोज सांगायलाच यायचो. रोज बादली ठेवून परत जायचो." मग घाईघाईने म्हणाला, "सगळी बाकी मी भरतो. तुम्ही काळजी करू नका."

"नको."

"पण चूक आमच्या घरची –"

"नको म्हटलं ना. उद्या मी तुमच्याकडे बघून हसले, तर ते मनापासून की उपकारापोटी, हे मलाच कळणार नाही. ते मला चालणार नाही."

त्याने वर पाहिलं. मग मीटिंगची वेळ सांगून तो गेला.

मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "हे घर माझ्या भावाचं होतं. या निर्णयात मी असणं बरोबर नाही." राजीनामा टेबलावर ठेवून तो बाहेर पडला. मग बाकीचेही जरा नरमले. थकबाकीचं बँकेला वेळेत कळवायचं सोसायटीकडूनच राहून गेलं होतं. ते मान्य करून त्यांनी व्याज सोडलं. मूळ रक्कम हप्त्यांनी माझ्यावर आली. मी सही केली.

नळाला पाणी आलं आणि त्याचं येणं बंद झालं.

आठवडे गेले. जिन्यात दिसला की तो भिंतीला लागून वाट द्यायचा. मला राग यायचा, आणि पाणी तापत ठेवून मी उगाच दाराकडे बघायची.

एका रविवारी बेल वाजली. दारात एक थकलेले, दाढी वाढलेले गृहस्थ होते. हनुवटी अगदी त्याच्यासारखी.

"मी त्याचा दादा," ते म्हणाले. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आत या," आई म्हणाली.

त्यांना ते जमेना. चौकटीवर नुसता हात ठेवला.

"माझं ओझं तुम्ही उचललंत. त्याची माफी मागायला आलो, आणि..." ते अडखळले. "काल तो माझ्याकडे आला होता. खूप दिवसांनी बोललो आम्ही. बोलला ते सगळं तुमच्याबद्दलच. इथे मात्र तोंड उघडायचा नाही. आमच्यामुळे तुम्हाला त्रास झाला, आता कुठल्या तोंडाने लग्नाचं विचारू, म्हणतो. म्हणून त्याच्या वतीने मीच विचारतोय."

आईने माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले होते.

"ते कुठे आहेत?"

"जिन्याच्या खालच्या वळणावर उभा आहे."

मी कठड्याशी गेले. तो खरंच तिथे होता, मान खाली घालून. इतके दिवस मी त्याला 'अहो' म्हणत आले होते.

"दादांना आत बोलावलंय आम्ही," मी म्हणाले. "तूही वर ये."