बाटली गुरुवारी उघडते

"यातल्या कुठल्या नाही टोचल्या तर मी मरणार नाही, तेवढं सांगा."

असं म्हणून त्याने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. अकरा लसींची नावं, मोत्यासारख्या अक्षरात! अक्षर ताईचं आहे, हे त्याने लगेच सांगून टाकलं. कपाळावरचा घाम मात्र त्याचा स्वतःचा होता. खांद्यावर अवजारांची पिशवी, मनगटावर ग्रीसचा डाग, ताडमाड उंची… आणि सुईची भीती. प्रवासी लसीकरण केंद्रात मी चार वर्षं नर्स आहे, पण इतक्या प्रामाणिकपणे घाबरलेला माणूस पहिल्यांदाच बघत होते.

"कुठे निघालात?"

"पंप बसवायला, सहा महिने. तिकडे विहिरी आहेत, पाणी आहे, पण वर काढायला काही नाही. बायका दोर ओढून ओढून थकतात. विमान चार आठवड्यांनी, गुरुवारी संध्याकाळी."

मी पेन्सिल उचलली. "यलो फीवर सक्तीची. दाखला नसेल तर विमानतळावरूनच परत पाठवतील."

"तिचे पैसे कंपनी देणार. बाकीच्यांचे मी." त्याने खिशावर हात ठेवला. "म्हणून जरा जपून हं…"

"टायफॉईड आणि 'अ' कावीळ घ्या, पाण्यातच काम आहे तुमचं. 'ब' काविळीचीही घ्या, अवजारांनी हात कापला तर कुठल्या सुईने टाके घालतील कोण जाणे. तिचे तीन डोस. आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. मेंदूज्वराची गरज नाही तुमच्या भागात." मी खोडलं. "रेबीज… तीन सुया, आणि सगळ्यांत महाग. दवाखाना किती लांब?"

"गाडीने अर्धा तास. आणि कुत्र्यांचा माझ्यावर फार जीव आहे हो."

"जीव असलेलीच चावतात! राहू दे ही. पण चावलं तर पंधरा मिनिटं साबणाने धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. हसू नका, पाठ करा."

त्याने खरंच शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवलं. अकरातल्या चार उरल्या. खोडलेल्या सात नावांकडे बघत तो म्हणाला, "तुम्ही दुकान काढू नका. आठवड्यात दिवाळं निघेल."

उरलेल्या चारातल्या तीन मी त्याच दिवशी टोचल्या. तो खिडकीकडे तोंड करून पंपाच्या सगळ्या भागांची नावं सांगत होता. तिसरी सुई निघाली तेव्हा तो वॉशरपर्यंत आला होता.

राहिली यलो फीवर. तिची गंमत अशी, की आमच्याकडच्या एका बाटलीत पाच जणांचे डोस असतात. बाटली उघडली की सहा तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. म्हणून आमच्याकडे ती फक्त गुरुवारी उघडते, तीही पाच जण जमले तरच. त्या दिवशी जमले होते तिघे. तो, आणि दोन शिक्षिका बहिणी.

"पुढच्या गुरुवारी या," मी म्हटलं.

"येतो ना!" तो म्हणाला. इतक्या आनंदाने, की मोठ्या सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

आता खरं सांगायचं तर… इथून पुढे मी चुकले.

बुधवारी लाकडाचा व्यापार करणाऱ्या एका आजोबांचा फोन आला. आजोबा मुलाकडे परदेशी निघाले होते. "उद्या येऊ का, पोरी?" यादीत एक खलाशी वाढून चौघे झाले होते. आजोबा पाचवे. आजोबा आले की बाटली उघडणार, त्याला लस मिळणार, आणि मग दुसऱ्या डोसपर्यंत तो कशाला येईल इथे? माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्याची यादी भरली, आजोबा. पुढच्या गुरुवारी या."

फोन ठेवला आणि माझं मलाच कसंतरी झालं.

गुरुवारी चौघे बाकावर ताटकळत बसले. बाराला बहिणी गेल्या, खलाशी चडफडत गेला. तो राहिला. मशीनमधली पांचट कॉफी दोन कपांत घेऊन आला.

"तुम्ही का तोंड पाडलंय? पाचवा नाही आला, त्यात तुमचा काय दोष?"

माझी समजूत घालत होता बिचारा! वर पिशवीतून एक पितळी झडप काढून माझ्या तळहातावर ठेवली. "ही पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. एवढीशी आहे, पण ही नसली तर सगळा पंप फुकट." त्याची बोटं क्षणभर माझ्या हातावर राहिली. मग त्यानेच घाईघाईने ती काढून घेतली.

त्या आठवड्यात मी दहादा हिशेब केला. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. पुढच्या गुरुवारी चौदा दिवस उरतील. तोही हुकला तर सातच. म्हणजे विमान चुकणार, आणि तिकडच्या बायका दोर ओढतच राहणार. का, तर मला एका माणसाला आणखी एकदा बघायचं होतं म्हणून!

तिसऱ्या गुरुवारी चौघे आले. अकरा वाजले तरी आजोबांचा पत्ता नाही. मी फोन केला.

"गुडघा धरलाय गं. बघू पुढच्या वेळी."

मी स्कूटरची किल्ली घेतली. "कुठे निघालीस?" मोठ्या सिस्टर ओरडल्या.

"पाचवा माणूस आणायला!"

आजोबांना मी अक्षरशः हाताला धरून मागे बसवलं. रस्ताभर ते माझा खांदा घट्ट पकडून ओरडत होते, "अगं पोरी, लस घ्यायच्या आधीच मरेन ना मी!" पण पोचलो. बाटली उघडली. चौघांना टोचलं. शेवटी तो बाही वर करून बसला आणि खिडकीकडे वळला.

माझ्याच्याने राहवेना. "थांबा. आधी ऐका. आजोबांचा फोन मागच्या आठवड्यातच आला होता. मीच नको म्हटलं. कारण… तुम्हाला लस मिळाली असती, तर तुम्ही इतक्यात परत आला नसता."

बाहेर आजोबा खलाशाला गुडघ्याची कहाणी सांगत होते.

"रागावलात ना? रागवा. मी असते तर…"

"स्टेशनापलीकडे एक खासगी दवाखाना आहे," तो हळूच म्हणाला. "तिथे एकट्यासाठीही बाटली उघडतात. पैसे दुप्पट, पण कंपनी द्यायला तयार होती. पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टरनी पत्ता दिला होता मला."

"मग गेला का नाहीत?"

"गुरुवार चुकला असता ना!"

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. "हलू नका," मी दटावलं. त्या दिवशी त्याने खिडकीकडे पाहिलं नाही. सुई आत गेली, बाहेर आली, तो माझ्याकडेच बघत होता. पंपाचा एकही भाग आठवला नाही त्याला.

विमानाच्या दिवशी तो सकाळीच आला, 'ब' काविळीच्या दुसऱ्या डोससाठी. मी टोचलं, कापूस दाबला, आणि कार्डावर तिसऱ्याची तारीख घातली. पाच महिन्यांनंतरची.

"हा तिसरा तिकडेही मिळेल का हो?"

खोटं बोलायचा मोह झाला मला. फार झाला. पण एकदा पोळले होते. "मिळेल," मी म्हटलं. "कुठल्याही मोठ्या दवाखान्यात मिळेल. थोडा उशीर झाला तरी चालतो."

त्याने कार्ड माझ्याकडे परत सरकवलं. तारखेपुढे 'ठिकाण' असा रकाना असतो. तो आम्ही कधीच भरत नाही.

"लिहा ना," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"इथेच."

मी लिहिलं. घाईत अक्षर इतकं गिचमिड आलं, की मलाच लागेना. मोठ्या सिस्टरनी वाकून पाहिलं, माझ्या हातातून पेन काढून घेतलं, आणि त्याच शब्दावर ठळक गिरवून खाली केंद्राचा शिक्का मारला.