हाताखाली झाकलेले पर्याय

पुस्तकावर दोघांचे हात एकदमच पडले आणि दोघांनीही ते सोडलं नाही. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या माडीवर फुकटची अभ्यासिका आहे. तिथे बँकेच्या परीक्षेचं नवं पुस्तक एकच होतं.

"आधी मी घेतलं," मी म्हणाले.

"घे वं. मले त्यातलं इंग्रजी तसंही समजत नाही."

इतकं खरं बोलणारा मुलगा पाहून मला हसू आलं... आणि तिथेच मी फसले.

अमोल नरखेडकडचा, संत्र्याच्या बागेतला. गणित म्हणजे त्याच्या हातचा मळ. इंग्रजीतल्या गाळलेल्या जागा मात्र त्याला छळायच्या. चारही पर्याय त्याला बरोबरच वाटायचे. मग मी त्याला माझी पद्धत शिकवली. पर्यायांवर तळहात ठेवायचा, वाक्य वाचायचं, रिकाम्या जागी आपल्या भाषेतला शब्द बोलायचा आणि मगच हात उचलायचा.

म्हातारा जमीन विकायला तयार होता की कसा, असं एक वाक्य आलं.

"अडून बसला होता," अमोल म्हणाला.

मी हात उचलला. खालच्या पर्यायांत 'रिलक्टंट' होतं, म्हणजे राजी नसलेला.

"जमलं न गा!"

"तू हात ठेवला की जमते."

मी पुढचं वाक्य दोनदा चुकीचं वाचलं.

एकदा त्याने वहीत स्वतःच लिहिलं, 'पायल मला फार...' आणि पुढच्या कोऱ्या जागेवर तळहात ठेवला.

"पर्याय दे," मी म्हणाले.

"एकच आहे. दोघांचं सिलेक्शन झालं की सांगतो."

आमचे समाज वेगळे. दोघांच्या हाती नोकरी असली तरच घरचे ऐकतील, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यात बाबांनी मला हे शेवटचं वर्ष दिलेलं. नाही तर लग्न.

या परीक्षेत प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागतं, आणि माझं गणित कच्चं. "गणित करून राहिली न?" अमोल रोज विचारायचा. मी बिनधास्त हो म्हणायचे. खरं तर संध्याकाळी त्याला इंग्रजी शिकवण्यात जाणारे ते दोन तास माझ्या गणिताचेच होते. पण शब्द शोधतानाचा त्याचा चेहरा सोडून शेकडेवारी कोण करणार? मूर्ख होते मी. फार आनंदात होते, म्हणून मूर्ख होते.

निकाल लागला. अमोल पास झाला. मला इंग्रजीत चाळीसपैकी अडतीस, आणि गणितात पाव गुणाने नापास.

"खोटं काहून बोलली?" अभ्यासिकेच्या जिन्यात त्याचा आवाज चढला. "मी शिकवलं असतं न!"

"मग तुझं इंग्रजी कोणी घेतलं असतं?"

"मी जॉईनच नाही करत. पुढच्या वर्षी दोघं मिळून देऊ."

"माझे बाबा थांबून राहिले का? जा, अमोल. माझं गेलं, तुझं नको घालवू."

"तो शब्द तरी ऐक..."

"नको. ऐकला तर मी तुले जाऊ देणार नाही."

तो गेला. माझं खूप प्रेम होतं त्याच्यावर, आणि मीच त्याला जिना उतरायला लावला.

पुढच्या रविवारी मला पाहायला पाहुणे आले. बाबांनी कौतुकाने माझे गुण दाखवले. मुलाचे काका मधुकरराव म्हणाले, "पोरीचं इंग्रजी तर जबरदस्त आहे! मग नोकरी काहून हुकली?"

"गणितात पाव गुण कमी पडला," बाबा म्हणाले.

"चालते हो! आमच्या घरी कोणतं गणित करा लागते?"

सगळे हसले. मुलगाही हसला, चांगला वाटला, नजर चोरणारा नव्हता. मीही हसले. मग आत आले, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

आई मागे येऊन उभी राहिली. "होकार देऊ ना वं?"

मी तोंड धुतलं. "दे," म्हणाले.