सातव्या आवृत्तीचा आधार

७.४ : आधार चालू. पुढची दुरुस्ती शुक्रवारी.

शुक्रवार आला की केतकी अंगठ्या काढून, हात धुऊन, डोळे मिटून शिवणाच्या कापडांपुढे टेबलाशी बसायची आणि वसईचा एक माणूस तिच्या बोटांत यायचा.

"हं, आता काय लागतंय?" स्पीकरमधून डॉ. मेल्विन तुस्कानो विचारायचे.

"खण. नाही, थांबा... इरकल."

"काठ की पदर?"

"अहो डॉक्टर, एवढं कुठलं कळायला!" आणि ती खळखळून हसायची.

स्वयंपाकघरात तिचा नवरा निनाद कांदा गरजेपेक्षा बारीक चिरत राही.

७.५ : आधार मर्यादित. वापरणारे : एक.

लग्नाच्या आधी एका अपघातात केतकीच्या मानेला मार बसला. पाय वाचले, दोन्ही हात गेले. म्हणजे हात शाबूत, मेंदू शाबूत, फक्त मधली वाट तुटलेली.

दूरप्रवेश जुनाच होता. घरी बसून ऑफिसचा संगणक चालवतात, तसला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की तुटलेल्या वाटेपलीकडचं शरीर हेही एक लांबचं यंत्रच. मेंदूजवळ एक चिप, दंडांत दोन, आणि त्यांच्यात बोलणं घडवणारं 'ओसरी' नावाचं सॉफ्टवेअर. या प्रकाराला नाव पडलं स्वप्रवेश : स्वतःच्याच शरीरात लांबून शिरणं. ओसरी कुणा कंपनीची नव्हती. कुणीही उघडून पाहावी, सुधारावी, फुकट वापरावी. नवी आवृत्ती यायची, जुनीचा आधार काही काळानं संपायचा. आधार संपला म्हणजे दुरुस्त्या बंद. हात बिघडला तर तुमचं तुम्ही बघा.

आता नववी आवृत्ती आली होती. सातवी वापरणारी केतकी एकटीच उरली होती. निनादनं हे ओसरीच्या वेळापत्रकाच्या पानावर वाचलं. वापरणारे : एक. सांभाळणारे : एक, डॉ. तुस्कानो.

त्याला ती लग्नपत्रिका वाटली.

७.६ : प्रकाशन लांबणीवर. कारण : सांभाळणाऱ्याकडे पाहुणे.

पाहुणा निनादच. तुस्कानो साठीचे, गुडघ्याला पट्टा बांधलेले निघाले. दारातच त्यांनी त्याच्या हातात शहाळं दिलं.

"सातवी बंद करा," निनाद म्हणाला.

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. कितीदा सांगितलं तिला, बाई, नववीवर जा. माझेही शुक्रवार सुटतील हो! आमची मार्था म्हणते, त्या ब्लाउजवालीकडेच राहायला का जात नाही?"

निनादला हसू आलं नाही. "मग ती का जात नाही?"

तुस्कानो खुर्चीत टेकले. "सातवीत जायची वाट रुंद आहे, यायची अरुंद. मेंदूचा हुकूम हाताला नीट पोचतो. पण हाताला काय लागलं, ते परत येताना निम्मं गळतं. मग किती दाबायचं ते मेंदूला कसं कळणार? कप फुटेल नाहीतर निसटेल. म्हणून गळलेल्या जागी अंदाज भरावा लागतो. तो मी लिहिलाय."

"कपासाठी."

"कप, कापड, माणूस. केतकीचा हुकूम एवढाच, की हात ठेव. किती हलका ठेवायचा, कुठे रेंगाळायचं, कधी उचलायचा, ते सातवी ठरवते."

निनादनं शहाळं खाली ठेवलं.

"नववीत वाट दोन्हीकडून रुंद आहे," तुस्कानो म्हणाले. "अंदाज लागतच नाही. हे सांगितलं, तर म्हणाली, राहू द्या डॉक्टर, निनादला हा हात आवडतो."

परतताना बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला. इतके दिवस वाटत होतं, त्या माणसानं आपल्या बायकोला हात लावला. त्यानं केतकीला लावलाच नव्हता. लावला होता तो निनादला. तापात, भांडणानंतर, पहिल्या रात्री.

७ : आधार समाप्त.

"नववीवर जायचं नक्की ना?" केतकीनं विचारलं. "मग कुरकुर नाही चालणार हं."

"मला तुझा हात हवाय."

"आणि आतापर्यंत काय शेजारणीचा होता?"



९.१ : आधार चालू. ज्ञात दोष : नाहीत.

नववी बसली आणि केतकी आपल्या शिवणाच्या दुकानात कुणाला आवरेना. ठाणावर ठाण उलगडत सुटली. "अरे, ही मलमल बघ! हिला वीण आहे! मी तीन वर्षं नुसतं धुकं शिवत होते रे!" कात्री सरसर चालली. टाके हवे तिथेच पडले. तिनं गिऱ्हाइकाच्या पोरीचा गालगुच्चा घेतला, तर पोरगी ओरडली आणि केतकी आनंदानं रडली.

हा तिचा खरा हात होता. ठाम, घाईचा, कापड ताणून पाहणारा. निनाद त्याला पहिल्यांदाच भेटत होता.

दुपारी तो जेवायला बसला. ताट वाढून ती मागे आली आणि तिनं त्याच्या मानेवर तळवा ठेवला. मान एक क्षण दुसऱ्याच कुठल्या तरी वजनाची वाट पाहत थांबली. ते आलं नाही, तशी ती किंचित आत ओढली गेली. इतकी किंचित, की निनादलाही कळलं नाही.

सातवीत ते परतीच्या वाटेवर गळून गेलं असतं. नववीत पोचलं.

केतकीनं हात उचलला नाही. कापडाचा कस पाहावा तशी तिची बोटं तिथेच थांबली.

"कोणाची वाट बघतोयस, निनाद?"